विषुववृत्तावर चढत गेलं तरी ध्रुव लागत नाही

किलिमांजारोविषयी काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: पायथा ते शिखर म्हणजे विषुववृत्त ते ध्रुव असा प्रवास, तोही आठवडाभरात. ट्रेक विकणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य. अगदीच खोटं आहे असंही नाही. खाली केळी आणि कॉफीच्या बागा, मग दाट जंगल, मग झुडपं, मग उजाड माळ आणि टोकाला बर्फ, हा क्रम खराच आहे. पण एवढ्यावर विसंबून जो वर जातो, त्याला दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. पाऊस पायथ्याशीही कमी आणि माथ्यावरही कमी, मग मधल्याच पट्ट्यात एवढा का कोसळतो? आणि चार हजार मीटरवर, जिथे जवळजवळ रोज रात्री पाणी गोठतं, तिथे पाच-पाच मीटर उंचीची, हिरवीगार पानं मिरवणारी झाडं कशी उभी राहतात? ध्रुवाजवळ असलं काही उगवत नाही.

उंची वाढते तशा तीन गोष्टी बदलतात: तापमान, पाणी आणि हवेचा दाब. तिन्हींची चाल वेगळी. झाडांचे पट्टे पहिल्या दोघांच्या ओढाताणीतून ठरतात, आणि तिसरी गोष्ट तुमचं काय होणार ते ठरवते.

आधी थंडी. किलिमांजारो टांझानियात आहे, विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. उंची ५,८९५ मीटर. पायथ्याच्या मोशी शहरात वर्षाचं सरासरी तापमान २३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तर किबो या मुख्य शिखराच्या माथ्यावर उणे ७. पाच हजार मीटरच्या चढात तीस अंशांची घसरण, म्हणजे दर हजार मीटरला साधारण सहा अंश. वर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो ना, मग थंडी कशी, हा शाळेतला प्रश्न अनेकांचा मोठेपणीही सुटलेला नसतो. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, आणि पसरण्यात तिची उष्णता खर्ची पडते. राहिलं सूर्याच्या जवळ जाणं, तर पंधरा कोटी किलोमीटरमधले सहा कमी झाले, एवढाच त्याचा हिशेब.

तापमान असं शिस्तीत उतरतं. पाऊस तसा वागत नाही. हिंदी महासागरावरून आलेली दमट हवा पर्वताच्या दक्षिण उताराला अडते आणि वर ढकलली जाते. गार होत होत एका उंचीला तिच्यातल्या वाफेचे ढग बनतात आणि तिथेच ती रिकामी होते. दक्षिण उतारावर हा सगळ्यात ओला पट्टा २,२०० मीटरच्या आसपास येतो. तिथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मोशीत त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि माथ्यावर तर २०० मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे वाळवंटाइतकाच. ढगांच्या वर बहुतेक वेळा कोरडी, तुलनेने उबदार हवा पसरलेली असते आणि ढगांना ती सहसा भेदता येत नाही. पहाटे लख्ख दिसणारं शिखर दुपारपर्यंत ढगाआड जातं, पण वरच्या कॅम्पवर बसलेल्यांच्या पायाखाली तेच ढग पसरलेले असतात, ते यामुळे.

मचामे वाटेने चढताना पहिला दिवस या ओल्या पट्ट्यात जातो. वाटेवर चिखल, खोडांवर शेवाळाचे जाड थर, पुरुषभर उंचीचे नेचे, आणि ओकोटिया नावाच्या, कापराच्या कुळातल्या प्रचंड झाडांची सावली. पायाशी नीट पाहिलं तर आपल्या तेरड्याचा एक भाऊबंद दिसतो, लाल-पिवळ्या फुलांचा इम्पेशन्स किलिमांजारी. हा जगात याच पर्वतावर उगवतो. बहुतेक लोक खाली बघत असतात खरे, पण बूट चिखलातून काढण्यासाठी. हा पट्टा उरकून टाकायचा टप्पा समजला जातो, हे मला कधीच पटलेलं नाही. पर्वतावरची सगळ्यात जास्त सजीवसृष्टी इथेच आहे आणि खालच्या गावांचं पाणीही इथूनच येतं.

आता याच उंचीवर पण उत्तरेच्या बाजूला, रोंगाई वाटेने चढलात तर जंगल ओळखू येणार नाही. तिथे पाऊस कितीतरी कमी, म्हणून जुनिपर आणि रानऑलिव्हची कोरडी झाडी. शेजारच्या देशातल्या माउंट केनियावर जंगलाच्या वरच्या अंगाला बांबूचा रुंद पट्टा आहे. किलिमांजारोवर तो जवळजवळ नाहीच. छोट्या बेटांवरच्या एकांड्या डोंगरांवर शेवाळलेलं ढगाळ जंगल हजार मीटरच्याही खाली येतं, कारण समुद्राजवळच्या दमट हवेत ढग लवकर धरतात, आणि लहान डोंगराची जमीन आजूबाजूच्या हवेला फारशी ऊब देऊ शकत नाही. महाकाय पर्वतावर हेच पट्टे वर सरकतात. म्हणून ‘अमुक मीटरवर अमुक जंगल’ असे तक्ते छापलेले असतात त्यांच्याकडे अंदाज म्हणून पाहावं.

तीन हजार मीटरच्या आसपास झाडांची पानं बघता बघता बारीक होतात. इथून एरिकाचं राज्य. युरोपात ज्याला हीदर म्हणतात ते गुडघाभर झुडूप, पण इथे खालच्या काठाला त्याच कुळातली सात-आठ मीटरची झाडं होतात आणि त्यांच्या फांद्यांवरून उस्निया, म्हणजे दगडफुलाच्याच जातकुळीतली करडी-हिरवी जटा, हातहातभर लोंबत असते. धुकं या जटांना आणि सुईसारख्या पानांना अडतं, थेंब होऊन खाली ठिबकतं. पावसाच्या मापकात न दिसणारं पाणी असं जमिनीत मुरतं. पुढे वर जाल तशी एरिका खुजी होत जाते, आधी छातीइतकी, मग कमरेइतकी, मग विरळ.

झाडं एका उंचीनंतर थांबतात, त्याला वृक्षरेषा म्हणतात. ती थंडीने झाडं मरतात म्हणून येते असं वाटणं साहजिक आहे, पण कारण जास्त बारीक आहे. ख्रिश्चन कोर्नर या अभ्यासकाने जगभरच्या वृक्षरेषांची तुलना केली तेव्हा दिसलं की वाढीच्या काळातलं सरासरी तापमान सहा अंशांच्या थोडं वर असतं तिथवर झाडं जातात, मग पर्वत कुठलाही असो. थंडीत पानं उन्हापासून अन्न बनवत राहतात; अडतं ते पुढे. पाच-सहा अंशांच्या खाली नव्या पेशी जवळजवळ बनत नाहीत, त्यामुळे अन्न असूनही त्याचं लाकूड घडत नाही. आणि झाड उंच असल्यामुळे त्याचा शेंडा वाऱ्यात असतो, म्हणजे हवा जेवढी गार तेवढाच तोही गार. जमिनीलगतचं झुडूप आपल्या भोवती थोडी ऊब कोंडून ठेवतं. वर खुजेपणाला भाव येतो तो असा.

मग चार हजार मीटरवरची ती पाच मीटरची झाडं?

त्यासाठी आधी इथली रात्र समजायला हवी. हिमालयात किंवा आल्प्समध्ये थंडीला ऋतू असतो. वनस्पती हिवाळाभर बर्फाखाली झोपतात, उन्हाळ्याचे दोन-तीन महिने उबदार मिळतात तेवढ्यात फुलून, बिया टाकून मोकळ्या होतात. विषुववृत्ताजवळ जून आणि डिसेंबर यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. फरक असतो तो दुपारचे दोन आणि पहाटेचे पाच यांच्यात. विरळ, कोरड्या हवेत दिवसा ऊन भाजून काढतं आणि सूर्य गेला की जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ ओलोव्ह हेडबर्ग यांनी पूर्व आफ्रिकेच्या पर्वतांचं वर्णन करताना हे नेमकं पकडलं होतं: इथे रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा. ध्रुवाची उपमा इथे साफ कोसळते. ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र असते. इथे बारा तासांची, पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. झोपी जाऊन थंडी टाळायची सोयच नाही. रोज गोठायचं आणि रोज वाढायचं.

बारांको कॅम्पच्या दरीत, साधारण ३,९०० मीटरवर, या हवामानाला जमलेली झाडं जवळून बघायला मिळतात. डेंड्रोसेनेसिओ किलिमांजारी हे नाव जड आहे, पण घराणं ओळखीचं: सूर्यफुलाचं. जाड खोड, टोकाला मोठ्या पानांचा गुच्छ. जुनी पानं वाळतात पण गळत नाहीत. खोडाभोवती एकावर एक लोंबत राहतात आणि त्यांची हातभर जाडीची गोधडी तयार होते. रात्री वरची जिवंत पानंही आत वळून कोंबाला मिटून घेतात. खोडाला ऊब कशाला हवी? कारण आतल्या भुसभुशीत गाभ्यात पाणी साठवलेलं असतं. सकाळी ऊन पानांवर लगेच पडतं, पानांतून बाष्प उडू लागतं, पण जमीन अजून गोठलेली असते आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. त्या दोन-तीन तासांची तहान खोडातल्या साठ्यावर भागते. तो साठा रात्री गोठला तर पानं सकाळच्या उन्हात पाण्यावाचून वाळतील. अँडीज पर्वतातल्या अशाच झाडांची वाळकी पानं अभ्यासकांनी मुद्दाम काढून पाहिली तेव्हा पाण्याचा पुरवठा बिघडला आणि झाडं मरू लागली. ट्रेकर मंडळी कधी बसायला, कधी फोटोसाठी त्या वाळक्या पानांना टेकतात, ओढतात. हात लावू नका, एवढंच. या झाडांना फाटा सहसा फुलोरा येऊन गेल्यावरच फुटतो आणि फुलोरा वर्षानुवर्षं येत नाही, त्यामुळे चार-पाच फाट्यांचं झाड तुमच्या आजोबांहून वडील असू शकतं.

त्याच दरीत लोबेलिया डेकेनीही आहे आणि तिची युक्ती आणखी न्यारी. जमिनीलगत पानांचा घट्ट, वाडग्यासारखा गुच्छ. त्यात पाणी साचलेलं. पहाटे बघितलं तर वर बर्फाची पातळ पापडी. बोटाने हलकेच दाबली तर ती हलते, खाली पाणी पाणीच असतं. पाणी गोठताना थोडी उष्णता बाहेर टाकतं, आणि वरचा थर गोठत राहतो तोवर खालचं पाणी शून्याच्या खाली उतरत नाही. कोवळा कोंब त्या पाण्याच्या तळाशी सुखरूप. दुपारी पापडी वितळते, रात्री पुन्हा धरते.

पहाटे वाटेच्या कडेला मातीही बघा. बोटभर उंचीच्या बर्फाच्या काड्या उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचा कण नाहीतर खडा. जमिनीतलं पाणी रात्री गोठत वर येतं आणि मातीला उचलतं, दुपारी खाली सोडतं. रोज. नुकतं रुजलेलं रोप या उचलाउचलीत उपटलं जातं. या पट्ट्यात मोकळी जमीन एवढी दिसते, त्याचं एक कारण हे.

हीच अडचण जिथे जिथे आली तिथे निसर्गाने बहुतेक हाच तोडगा काढलेला आहे. कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोरच्या अँडीजमध्ये फ्रायलेहोन, हवाईच्या हालेआकाला ज्वालामुखीवर सिल्व्हरस्वोर्ड: दोन्ही सूर्यफुलाच्याच मोठ्या कुळातली, पण किलिमांजारोच्या झाडाशी सख्खं नातं नाही. तरी पानांचा तोच गुच्छ, आणि फ्रायलेहोनच्या खोडावर वाळक्या पानांचं तेच आवरण. दुसरीकडे, आफ्रिकेतच माउंट केनियावर डेंड्रोसेनेसिओची जात वेगळी, युगांडा-काँगो सीमेवरच्या र्‍वेन्झोरीवर वेगळी. मधल्या उष्ण सपाटीतून यांना ये-जा करता येत नाही, म्हणून प्रत्येक पर्वत बेट झाला. डॅनियल जॅन्झेन या जीवशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलं होतं की उष्ण कटिबंधातल्या जिवांना वर्षभर एकसारख्या तापमानाची सवय असते, त्यामुळे तेवढ्याच उंचीची खिंड त्यांना जास्त अवघड जाते. थंड प्रदेशातला प्राणी उन्हाळा-हिवाळा दोन्ही पचवलेला असतो.

आता तिसरी गोष्ट, हवेचा दाब. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे अर्धवट आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण शिखरावरही २१ टक्केच. दाब घटतो, म्हणून एका श्वासात मिळणारी हवाच कमी. किलिमांजारोच्या माथ्यावर दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. शरीर पहिल्या दिवसापासून श्वास वाढवतं. जोरात श्वास घेतल्याने रक्तातलं रसायन बिघडतं, ते मूत्रपिंडं पुढच्या काही दिवसांत सावरतात. रक्तातल्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे सहा-सात दिवसांच्या ट्रेकमध्ये तुम्ही विरळ हवेला पुरते सरावत नाही, कसेबसे निभावता. स्वाहिलीत गाईड सारखं ‘पोले पोले’ म्हणत असतात, हळूहळू. ती लाडिक सूचना नाही.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, हा सर्वमान्य नियम आहे. किलिमांजारोच्या छोट्या पॅकेजांमध्ये तो सर्रास मोडतो. एक-दोन दिवस वाचवण्यासाठी घेतलेलं पाच दिवसांचं पॅकेज मी कुणालाही सुचवणार नाही. मचामे वाटेची एक गोष्ट चांगली: एका दिवशी ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवून पुन्हा बारांकोला खाली झोपायला आणतात. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही विरळ हवेची पहिली तक्रार; तिथे थांबायचं. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली तर तो मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याचा इशारा असतो आणि मग ताबडतोब खाली उतरायचं, रात्र असली तरी.

चार हजारांच्या वर झाडं संपतात. राख-दगडांचा माळ, कुठेतरी गवताचा बुचका, दगडांवर दगडफूल. कपड्यांच्या बाबतीत ऋतू विसरा आणि चोवीस तासांचा विचार करा: दुपारी एका शर्टावर चालाल, पहाटे सगळं अंगावर चढवूनही कुडकुडाल. अतिनील किरणं दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, तेव्हा ढग असले तरी क्रीम लावा. शिखराच्या रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे बूच मोकळं राहतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी तर पहिल्या तासातच गोठते. चढाई मध्यरात्री सुरू करतात त्याचं कारण फक्त सूर्योदय नव्हे: गोठलेला घसारा पायाखाली कमी सरकतो आणि ढग यायच्या आत खाली परतता येतं.

माथ्यावर बर्फाच्या उभ्या भिंती दिसतात. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळ बर्फ पाहिल्याचं कळवलं तेव्हा युरोपातल्या विद्वानांनी त्याला खोट्यात काढलं होतं. १९१२ मध्ये इथे सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होता. त्यातला ८५ टक्क्यांच्या आसपास या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत गेला. पण शिखरावर हवा बहुतेक वेळ शून्याच्या खालीच असते, मग तो जातो कसा? बराचसा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. कोरड्या हवेत आणि तळपत्या उन्हात हे चालूच असतं. भरपाई करायला नवा हिम पडावा लागतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली हवा कोरडी पडलेली आहे. त्यात तापमानवाढीची भर. नुसतं ‘उष्णतेने वितळतोय’ म्हटलं की पावसाचा भाग निसटतो.

पट्टे कायमचे नसतात, हे झाडांतही दिसतं. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझोवर चढला आणि पुढे पर्वताचं उभं चित्र काढून त्यावर कोणती वनस्पती किती उंचीवर, हे लिहून ठेवलं. २०१२ मध्ये त्याच पर्वतावर पुन्हा मोजणी झाली आणि वनस्पती पाचशे मीटर वर सरकल्याचं जाहीर झालं. नंतर जुनी टिपणं तपासणाऱ्यांनी दाखवलं की हुम्बोल्टच्या सगळ्यात वरच्या नोंदी बऱ्याचशा दुसऱ्याच, अँटिसाना नावाच्या पर्वतावरच्या होत्या. नीट तुलना केल्यावर सरकणं त्याच्या निम्म्यावर आलं. तरी वरच.

आणि किलिमांजारोवर वृक्षरेषा खाली आली आहे. कोरडेपणा वाढला, आगी वाढल्या, आणि एरिकाचं वरच्या काठाचं जंगल जळून तिथे झुडपं आली. ऑक्टोबर २०२० आणि ऑक्टोबर २०२२ च्या आगी बातम्यांत आल्या होत्या. धुक्यातून पाणी टिपणारी झाडंच गेली की खालच्या ओढ्यांनाही फटका बसतो. बर्फ वितळून खालचं पाणी आटेल अशी भीती फार ऐकू येते. माझ्या मते त्याहून मोठी काळजी या जळणाऱ्या काठाची करायला हवी.

कुठल्या वाटेने जावं? गाईड सक्तीचा आहे, तो प्रश्न नाही. पट्टे नीट बघायचे तर मचामे किंवा लेमोशो, सात दिवस किंवा जास्त. वेळ जानेवारी ते मार्चचा मध्य नाहीतर जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मे मध्ये जंगलाच्या पट्ट्यात वाटच ओढा होते. या दोन्ही वाटांनी गेलात तरी परतताना म्वेकाच्या वाटेने उतरवतात, आणि चढायला पाच-सहा दिवस लागलेले पट्टे दीड दिवसात उलट्या क्रमाने सरतात. शिखरावरून त्याच दिवशी जवळपास २,८०० मीटर खाली एरिकाच्या पट्ट्यात झोपायला. श्वास सुटा होतो, भूक परत येते, आणि गुडघे व पायाची बोटं बोलू लागतात. काठ्या दोन घ्या आणि शिखराच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापून ठेवा.